‘आमुक’ शब्दाची कुळकथा

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर जंगलालगतच्या एखाद्या गावात हत्ती शिरतो, शेते तुडवतो, घरे मोडतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मथळा येतो : ‘गाजाह मंगामुक’. यातला पहिला शब्द मराठी माणसाच्या कानाला ओळखीचा वाटेल. ‘गाजाह’ म्हणजे संस्कृतातला ‘गज’. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जहाजांबरोबर समुद्र ओलांडून गेलेल्या असंख्य भारतीय शब्दांपैकी तो एक. दुसरा शब्द मात्र तिथल्याच मातीतला आहे. ‘आमुक’ म्हणजे बेभान होऊन तुटून पडणे आणि ‘मंगामुक’ हे त्याचे क्रियापद. वादळ ‘मंगामुक’ करते, पूर करतो, हत्ती करतो, चिडलेला जमावही करतो. आणि कधी कधी एखादा माणूस करतो.

आपल्या ‘अमुक-तमुक’शी या शब्दाचे काही नाते नाही. पण त्याचे दुसरे रूप आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले असते. इंग्रजीत कोणी बेफाम सुटला की ‘रन अमोक’ म्हणतात, तो ‘अमोक’ म्हणजे हाच ‘आमुक’. मलय भाषेतून तो पोर्तुगीजांच्या तोंडी गेला, तिथून युरोपच्या इतर भाषांत पसरला आणि शेवटी मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत एका आजाराचे नाव होऊन बसला. पुढे त्याच शास्त्राने त्याला आजारांच्या यादीतून काढूनही टाकले. एखाद्या शब्दाचा आजार कसा होतो आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे समजून घ्यायला या शब्दाचा प्रवास उपयोगी पडतो.

रणांगणातला शब्द

आजची इंडोनेशियन भाषा ही मलय भाषेचेच एक प्रमाण रूप. त्या बेटांवर शेकडो भाषा बोलल्या जातात, पण बंदरांतून आणि बाजारांतून व्यवहाराची भाषा म्हणून मलयच चाले. १९२८ मध्ये तिथल्या तरुणांनी एका परिषदेत तिला राष्ट्राची भाषा मानण्याची शपथ घेतली आणि १९४५ मध्ये स्वातंत्र्याबरोबर ती राज्यभाषा झाली.

जुन्या मलय आणि जावानी साहित्यात ‘आमुक’ हा शब्द लढाईच्या वर्णनांत येतो. शत्रूची फळी समोर आहे, माघार नाही, तेव्हा योद्धा जिवाची पर्वा न करता तुटून पडतो, ती कृती म्हणजे ‘आमुक’. त्यात वेडाची छटा नव्हती. पानिपतावर किंवा पावनखिंडीत लढलेल्यांबद्दल मराठीत ज्या भावनेने बोलले जाते, तिच्याशी तिचे नाते जवळचे आहे. शब्द शौर्याचा होता. तो आजाराचा पुढे झाला, आणि तोही बाहेरून आलेल्यांच्या लेखणीतून.

हा शब्द भारतातून गेला का?

या शब्दाचे मूळ भारतात आहे असे मानणारा एक पक्ष पूर्वी होता. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज लेखकांनी हा शब्द मलबार किनाऱ्यावरच्या माणसांसाठीही वापरलेला दिसतो. गास्पार कोरेया या इतिहासकाराने १५०३ च्या सुमारास कालिकतचा सामुद्री राजा आणि कोचीनचा राजा यांच्यात झालेल्या लढाईचे वर्णन लिहिले आहे. त्यात राजघराण्यातल्या पुरुषांच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी मरणाची शपथ घेऊन निघालेल्या नायर योद्ध्यांना तो ‘अमौको’ म्हणतो. सेझारे फेदेरिची हा व्हेनिसचा व्यापारी १५६० च्या दशकात कोचीनला आला होता. त्यानेही राजासाठी प्राण द्यायला तयार असलेल्या माणसांसाठी असाच शब्द नोंदवला.

त्यावरून १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात एका संस्कृत व्युत्पत्तीचीही चर्चा आली : ‘अमोक्ष्य’, म्हणजे ज्यातून सुटका नाही असा, शपथेने बांधलेला. मोक्ष हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला, त्यामुळे ही व्युत्पत्ती आपल्याला पटकन पटते. पण पटणारी व्युत्पत्ती खरी असतेच असे नाही.

पहिली अडचण तारखांची. कोरेया १५०३ च्या घटनेविषयी लिहितो, पण तो स्वतः भारतात आला १५१२ मध्ये आणि त्याने ग्रंथ लिहिला त्यानंतर कित्येक वर्षांनी. तोवर, १५११ मध्ये, पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले होते आणि मलय भाषेशी त्यांचा रोजचा संबंध सुरू झाला होता. एका बंदरात शिकलेला शब्द दुसऱ्या बंदरातल्या माणसांना लावणे ही दर्यावर्दी लोकांची जुनी सवय. दुसरी अडचण मल्याळमची. मरणाची शपथ घेतलेल्या योद्ध्याला तिथे स्वतःचा शब्द आहे : ‘चावेर’. तिरुनावायाच्या मामांकम उत्सवात सामुद्रीच्या फौजेवर चालून जाणारे आणि तिथेच मरणारे योद्धे याच नावाने ओळखले जातात. घरात शब्द असताना त्याच अर्थाचा दुसरा शब्द तिथेच जन्मला आणि तिथल्या वाङ्मयात कुठे दिसला नाही, असे मानणे अवघड जाते.

तिसरी गोष्ट निर्णायक. मलय ज्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातली, त्या कुळातल्या इतर भाषांतही या शब्दाची भावंडे सापडतात. त्यांच्या तुलनेतून भाषाशास्त्रज्ञ ‘हामुक’ असे एक प्राचीन मूळ रूप मांडतात, अर्थ ‘त्वेषाने हल्ला करणे’. म्हणजे हा शब्द भारतीय जहाजे त्या किनाऱ्याला लागण्यापूर्वीपासून तिथल्या बोलीत असला पाहिजे. ‘गज’ आपला, ‘आमुक’ त्यांचा. हा निवाडा आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

योद्ध्याचा खुनी झाला

दुआर्ते बार्बोसा हा पोर्तुगीज अधिकारी मलबारमध्ये अनेक वर्षे राहिला. १५१६ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात तो जावाच्या माणसांविषयी एक ऐकीव गोष्ट सांगतो. त्यांच्यातला एखादा फार आजारी पडला, तर बरा झाल्यावर मानाचे मरण पत्करीन असा नवस तो देवाला बोलतो. मग बरा झाल्यावर हातात कट्यार घेऊन रस्त्यावर उतरतो आणि दिसेल त्याला मारत सुटतो, शेवटी लोक त्याला मारतात. अशा माणसांना ‘अमुको’ म्हणतात, असे बार्बोसा लिहितो. रणांगण गेले, बाजाराचा रस्ता आला. समोरचा शत्रू गेला, वाटेत येईल तो माणूस आला. शब्दाच्या अर्थाने इथे कूस बदलली.

पुढे डच लोकांनी बटाविया, म्हणजे आजचे जकार्ता, ही राजधानी वसवली. १७७० मध्ये कॅप्टन कुक यांचे ‘एंडेव्हर’ जहाज दुरुस्तीसाठी तिथे थांबले. जहाजाची दुरुस्ती झाली, पण तिथल्या हिवतापाने आणि आवेने बरेच खलाशी दगावले. १७७३ मध्ये छापलेल्या त्या सफरीच्या वृत्तांतात ‘अमोक’चे वर्णन आहे : माणूस अफू घेतो, शस्त्र घेऊन रस्त्यावर धावतो, दिसेल त्याला मारतो. त्याला जिवंत पकडणाऱ्या अधिकाऱ्याला मोठे बक्षीस मिळे आणि पकडलेल्याला हालहाल करून ठार मारत. या माणसांत गुलामांचा भरणा असे, हेही त्यातून कळते. घरदारापासून तोडून आणलेला, विकला गेलेला माणूस शेवटी का फुटतो, हा प्रश्न मात्र त्या काळी कोणाला पडला नाही. अफूला दोष देऊन विषय संपे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे डार्विन यांच्याबरोबर उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे निसर्गशास्त्रज्ञ. १८६९ च्या ‘द मलय आर्किपेलागो’ या ग्रंथात त्यांनी सुलावेसी बेटावरच्या मकासार शहराबद्दल लिहिताना एक वेगळीच गोष्ट टिपली. तिथे महिन्याला सरासरी एक-दोन अशा घटना घडतात असे सांगून ते म्हणतात की ही तिथली आत्महत्येची मान्य रीत आहे. माणूस कर्जात बुडालेला असतो, फेडता येत नाही, त्यापायी स्वतः गुलाम होण्याची वेळ येते, किंवा बायको-मूल जुगारात हरून बसलेला असतो. गेलेले परत मिळवायचा कोणताच मार्ग उरत नाही. मग तो कट्यारीला हात घालतो, कारण लढून मेला तर निदान मान राहील. वॉलेस डॉक्टर नव्हते, पण आज मानसोपचारतज्ज्ञ ज्या ठिकाणी पोचले आहेत त्याच्या ते बरेच जवळ गेले होते : दुसऱ्यांवर उगारलेल्या या हाताच्या मुळाशी स्वतःचे मरण मागणारी निराशा असू शकते.

मग डॉक्टर आले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या माणसांना फासावर चढवण्याऐवजी वेड्यांच्या इस्पितळात पाठवले जाऊ लागले. त्यामुळे ‘अमोक’ वैद्यकाच्या हद्दीत आला. सिंगापूरच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख गिलमोर एलिस यांनी १८९३ मध्ये ‘मलय लोकांचा अमोक’ या विषयावर इंग्लंडच्या मानसशास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. पुढच्या पाठ्यपुस्तकांत या अवस्थेचे जे चित्र पक्के झाले, त्यात चार टप्पे दिसतात.

पहिला टप्पा ‘साकित हाती’. इंडोनेशियन भाषेत ‘साकित’ म्हणजे दुखणे किंवा आजार आणि ‘हाती’ म्हणजे यकृत. पण भावनांचे घरही तेच, म्हणून ‘साकित हाती’ म्हणजे मनाला लागलेला घाव, अपमानाचा सल. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपले ‘काळीज’ तुटते, फाटते, हलते, आणि तेच काळीज मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ म्हणून मागितले की दुकानदार यकृत तोलून देतो. दोन दूरच्या भाषांनी दुःख एकाच अवयवात ठेवले आहे. या टप्प्यात माणूस अबोल होतो, एकटा राहतो, मनात एकच गोष्ट घोळवत बसतो.

दुसरा टप्पा ‘माता गलाप’, शब्दशः ‘डोळे काळोखणे’. तिसरा टप्पा प्रत्यक्ष हल्ल्याचा. आणि चौथा त्यानंतरचा : माणूस वाचलाच तर थकून पडतो, झोपतो, आणि उठल्यावर आपण काय केले ते आठवत नाही असे सांगतो.

आधुनिक मानसोपचाराचे एक जनक मानले जाणारे जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन १९०४ च्या सुमारास मुद्दाम जावाला गेले. बॉयटेनझोर्ग, म्हणजे आजच्या बोगोर इथल्या मनोरुग्णालयात त्यांनी रुग्ण तपासले. युरोपात दिसणारे मानसिक आजार इथेही दिसतात का, हा त्यांचा प्रश्न होता. ‘अमोक’ हा वेगळा आजार नाही, असे त्यांचे मत झाले. वेगवेगळ्या आजारांतून तशी अवस्था येते, आणि त्यात अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, रुग्ण त्यांना महत्त्वाचे वाटले. १९२० च्या दशकात बटावियात काम करणारे डच मानसोपचारतज्ज्ञ व्हान लून यांनी हिवतापासारख्या संसर्गातून येणाऱ्या तीव्र भ्रमावस्थेकडे बोट दाखवले. तापात माणसाला भास होतात, आपल्यावर हल्ला होतो आहे असे वाटते आणि तो बचावासाठी हल्ला करतो.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच जवळून पाहणाऱ्या डॉक्टरांना कळले होते की या एका नावाखाली अनेक दुखणी दडली आहेत : कोणाला फिट्स, कोणाला मेंदूला चढलेला ताप, कोणाला जुना मनोविकार, कोणाला असह्य अपमान आणि जगण्याचा कंटाळा. तरीही ‘हा मलय माणसाचा स्वभावच’ ही समजूत टिकली, कारण राज्यकर्त्यांना ती सोयीची होती. एखादी जमातच मुळात भडक डोक्याची आहे असे म्हटले की तिच्यावर राज्य करणे हे कर्तव्य ठरते. स्टेफान झ्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाची १९२२ ची कादंबरिका याच शब्दाचे नाव घेऊन आली आणि युरोपभर वाचली गेली. तिच्यात झपाटलेला माणूस मलय नाही, डच वसाहतीत काम करणारा युरोपीय डॉक्टर आहे. शब्द आपल्या माणसालाही लागू पडतो हे एका कथाकाराने तेव्हाच ओळखले.

यादीत आला, यादीतून गेला

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तकाची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये निघाली. तिच्या परिशिष्टात ‘संस्कृतिबद्ध विकारां’ची यादी होती आणि त्यात ‘अमोक’ होता. आपल्याकडचा ‘धात’ही होता. वीर्य जाते म्हणून अशक्तपणा आला, या भीतीने खंगणारे तरुण प्रत्येक सरकारी दवाखान्यात येतात. भिंतीभिंतींवरच्या जाहिराती त्यांच्यावरच जगतात. या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव १९६० मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी दिले.

त्याच यादीत ‘अमोक’च्या नोंदीत असेही लिहिले होते की अशी अवस्था लाओस, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी, प्वेर्तो रिको आणि अमेरिकेतल्या नवाहो लोकांतही आढळते. इतक्या ठिकाणी जी सापडते ती एका संस्कृतीशी बांधलेली कशी? २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती यादीच मोडीत निघाली. तिच्या जागी ‘क्लेशाच्या सांस्कृतिक संकल्पना’ अशी नवी मांडणी आली आणि नऊ नावे राहिली. ‘धात’ राहिला, ‘अमोक’ गेला.

दरम्यान हा शब्द युरोपात पक्का स्थायिक झाला आहे. जर्मन भाषेत शाळेत किंवा रस्त्यावर घडणाऱ्या अंदाधुंद हत्याकांडाला ‘आमोकलाउफ’ म्हणतात. २००२ मध्ये एअरफुर्ट शहरातल्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने १६ जणांना मारून स्वतःला संपवले, तेव्हा सगळ्या जर्मनीच्या तोंडी हा मलय शब्द होता. त्या मुलाला कोणी जर्मन वंशाचा नमुना म्हटले नाही. शाळेतून काढले जाणे, घरापासून लपवलेले अपयश, हातात आलेली बंदूक, याची चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. बटावियाच्या गुलामाच्या वाट्याला अशी चर्चा कधी आली नाही.

नावाची किंमत

इंडोनेशियात या शब्दाची भीती आजही घराघरांत आहे आणि तिची किंमत मनोरुग्ण मोजतात. ‘पासुंग’ या नावाची एक प्रथा तिथे आहे. घरातल्या मनोरुग्णाचे पाय लाकडी खोड्यात अडकवायचे, त्याला साखळीने बांधायचे किंवा परसातल्या खोपटात कोंडायचे. कधी काही दिवस, कधी वर्षानुवर्षे. १९७७ मध्ये सरकारने या प्रथेवर बंदी घातली, २०१४ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तिला विरोध केला, तरी ती संपलेली नाही. २०१६ मध्ये ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेने तिथल्या अशा माणसांची स्थिती मांडणारा सविस्तर अहवाल काढला. बांधून का ठेवता, असे विचारले की कुटुंबे जी कारणे सांगतात त्यात एक वारंवार येते : तो ‘मंगामुक’ करील. ही कुटुंबे निर्दय नसतात. दवाखाना दूर असतो, औषधे मिळत नाहीत आणि शेजाऱ्यांची भीती असते.

आपण त्यांच्याकडे वरून पाहावे अशी आपली स्थिती नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांचा त्यात मृत्यू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आता मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास बंदी केली आहे. भाषेत मात्र साखळदंड उरले आहेत. मराठी बातमीत अंदाधुंद हल्ला करणारा प्रत्येक जण ‘माथेफिरू’ असतो, तपास व्हायच्या आधीच. हा आपला ‘अमोक’च. तो वाचणाऱ्यांत असे हजारो लोक असतात जे स्किझोफ्रेनियाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या नियमित घेऊन नोकरी करतात, मुलांना शाळेत सोडतात आणि ही ओळ वाचून आपला आजार आणखी खोल लपवतात.

वस्तुस्थिती अशी की मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य व्यक्ती कोणावर हात उगारत नाहीत, उलट मारहाण आणि फसवणूक त्यांच्याच वाट्याला अधिक येते. हिंसेचा धोका वाढतो तो मुख्यतः दारू किंवा अमली पदार्थांची जोड असेल, उपचार बंद पडले असतील, किंवा पूर्वी तसे घडलेले असेल तेव्हा.

दारात ‘आमुक’ उभा राहिला तर

क्रेपेलिन आणि व्हान लून यांची शिकवण आजच्या घरालाही लागू आहे : माणूस अचानक बेभान झाला तर आधी शरीर तपासा.

काल-परवापर्यंत ठीक असलेला माणूस काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बडबडू लागला, घरचे ओळखेनासा झाला, दिवस-रात्र विसरला, मधेच शुद्धीवर येऊन पुन्हा बिथरला, तर ते बहुधा मेंदूवर झालेल्या शारीरिक आघाताचे लक्षण असते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरली तर तो शिव्या देऊ शकतो, हात उचलू शकतो. साखर देताच तो दहा-पंधरा मिनिटांत शांत होतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली, की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हातपाय थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी मारायला आले आहे असे वाटते. यात जीव जाऊ शकतो. मेंदूज्वर, मेंदूचा हिवताप, डोक्याला मार, फिटनंतरचा गोंधळ, म्हाताऱ्या माणसाच्या रक्तातले घटलेले सोडियम किंवा लघवीचा संसर्ग, पोटात गेलेला धोतरा, या सगळ्यांत माणूस असाच दिसतो. अशा रुग्णाला खोलीत कोंडण्यात किंवा अंगारा लावण्यात घालवलेला प्रत्येक तास महाग पडतो.

घरी करायचे ते थोडेच आहे. गर्दी हटवा. सुरी, कोयता, काठी बाजूला करा. एकानेच, हळू आवाजात, छोट्या वाक्यांत बोला. वाद घालू नका, मारू नका, पाण्याच्या बादल्या ओतू नका. ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा. शुद्धीत असून गिळता येत असेल तर साखरपाणी द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा आणि रुग्ण कोणती औषधे घेतो, शेवटची दारू कधी घेतली, ताप किंवा फिट आली होती का, हे डॉक्टरांना सांगा. या चार उत्तरांनी निम्मे निदान होते.

दुसरा धडा ‘साकित हाती’चा. अपमान, कर्ज, नोकरी जाणे, प्रेमभंग, निकालातले अपयश यांनंतर एखादा माणूस गप्प झाला, जेवेना, झोपेना, वस्तू वाटून टाकू लागला, ‘आता बघाच’ किंवा ‘संपवतो सगळे’ असे बोलू लागला, तर ती त्याच्यापर्यंत पोचण्याची वेळ आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे, विचारल्याने बहुतेकांना मोकळे वाटते. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली उपचार आणि औषधे मिळतात.

इंडोनेशियात मनोरुग्णालयाला ‘रुमाह साकित जिवा’ म्हणतात. ‘रुमाह’ म्हणजे घर, ‘साकित’ म्हणजे आजार आणि ‘जिवा’ म्हणजे आपला ‘जीव’, जो ‘गज’ गेला त्याच वाटेने तिकडे गेला. २०१४ च्या कायद्याने रुग्णासाठी ‘गिला’ म्हणजे वेडा हा शब्द बाजूला ठेवून ‘जिवाला विकार झालेली व्यक्ती’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग स्वीकारला. ‘आमुक’ हा शब्द आपण त्यांना दिला नाही, पण त्याच्यावरच्या उपचाराच्या जागेवर जो शब्द लिहिला आहे तो आपल्याकडून गेलेला आहे. पुढच्या वेळी बातमीत किंवा गल्लीत कोणी ‘माथेफिरू’ म्हणाले, तर ‘त्याच्या जिवाला काय झाले आहे, आणि त्याची साखर कोणी तपासली का?’ एवढे आपल्याला विचारता येईल.